वन्संचं मोठं होत गेलेलं अक्षर

आधी बटाट्याचं लिही, मग वन्संचं. कारण मी या घरात आले तेव्हा वन्संशी ओळख व्हायच्या आधी माझी त्यांच्या बटाट्याशी ओळख झाली.

वन्सं म्हणजे तुझ्या आजोबांची थोरली बहीण, तुझी आत्याआजी. तू नाही पाहिलंस त्यांना. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात शिरले, टोपलीतला बटाटा उचलला, आणि बघते तर त्याच्यात लोखंडाच्या चपट्या जिभा खुपसलेल्या. चांगल्या ओळीनं. मी नवीकोरी सून, विचारायचं कुणाला? बटाटा हातात धरून तशीच उभी राहिले. मागून आवाज आला, "तो सोडून बाकी सगळे तुझे."

वळून बघितलं तर दारात वन्सं. उंच, काटकुळ्या, चष्मा कपाळावर चढवलेला, मधल्या बोटावर शाईचा काळा घट्टा.

"वन्सं, याला काय झालंय?"

"त्याला काही नाही झालं. त्या माझ्या नव्या निबा आहेत. कारखान्यातून निघताना गंजू नयेत म्हणून त्यांना तेल चोपडतात. तेलावर शाई ठरत नाही, पळते. बटाटा ते तेल काढून घेतो."

"आणि मग बटाट्याचं काय करता?"

"भावाला वाढते."

चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मला खरंच वाटलं. पुढे कितीतरी दिवस मी तुझ्या आजोबांना वाढताना भाजी चमच्यानं चाचपायची. शेवटी तेच म्हणाले, "काय शोधतेस गं माझ्या ताटात?" सांगितलं तर ते हसून हसून आडवे पडले. वन्सं तिकडे खिडकीशी मान खाली घालून लिहीत होत्या, खांदे मात्र गदगद हलत होते.

त्यांचं काम म्हणजे सुंदर अक्षर काढून देणं. लग्न त्यांनी केलं नाही. का ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. वडील छापखान्यात होते, त्यांनी लहानपणी हाताला धरून शिकवलं. गावातल्या नर्सेसच्या शाळेतून दर वर्षी मुली शिकून बाहेर पडायच्या, त्यांची प्रमाणपत्रं वन्सं लिहायच्या. शिवाय कुणी निवृत्त झालं तर त्याचं मानपत्र, कुणाच्या दारावरची पाटी. खिडकीखाली त्यांचं उतरतं मेज, मेजावर शाईची दौत, आणि भिंतीला टाकांची रांग. टाक म्हणजे लाकडी दांडी आणि तिच्या टोकाला निब. तुमच्या पेनाची निब टोकदार असते ना, ह्यांची टोकाला कापलेली, रुंद. सुताराच्या छोट्या पटाशीसारखी. कुणाची गव्हाच्या दाण्याएवढी, कुणाची नखाएवढी.

मला वाचता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. वन्सं लिहायला बसल्या की मी हातातलं काम तिथं घेऊन जायची आणि नुसती बघायची. मला काय लिहिलंय त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. एवढीशी पटाशी, दाबायची नाही, जोर द्यायचा नाही, नुसती एका कलानं धरून ओढायची. उभी ओढली की रेघ जाड. तिरपी नेली की तीच रेघ केसासारखी. वळणावर जाड रेघ आपोआप निमुळती होत जायची, जशी नदी लांबून दिसते ना, तशी, आणि पुन्हा भरून यायची. मी शेंगा सोलायची थांबायची. किती वेळा तरी सालं भांड्यात आणि दाणे कचऱ्यात गेलेत माझ्या हातून.

"बडबडे, आज गप्प का?" त्या विचारायच्या. बडबडी हे माझं नाव त्यांनी ठेवलेलं.

"ही रेघ एकाच पेनातून जाड आणि बारीक कशी निघते?"

"दोन्ही कोपरे कागदाला टेकले पाहिजेत, बास. एक कोपरा उचलला की कुरकुर करते. ऐक." आणि त्या मुद्दाम एक कोपरा उचलून ओढायच्या. खरंच कुरकुरायची. रेघेची एक कड उंदरानं कुरतडल्यासारखी यायची. मग दोन्ही कोपरे टेकवून ओढायच्या, तर आवाज असा, की झोपलेल्या बाळाच्या अंगावरची चादर कुणी सारखी करावी.

आणि निगा किती. बापरे. लिहिता लिहिता उठायचं झालं तरी टाक दौतीत बुडवून ठेवायचा नाही. दर थोड्या वेळानं निब गार पाण्यात खळबळायची, जुन्या मऊ फडक्यानं टिपायची, मधली चीर असते ना, तिच्यातून फडक्याचा धागा ओढून घ्यायचा. ती काळी शाई एकदा चिरेत वाळली की लाखेसारखी बसते, म्हणायच्या, मग निब मेली. टाक पेल्यात उभा ठेवायचा तर निब वर, दांडी खाली. आणि त्यांचा टाक दुसऱ्यानं हातात धरायचा नाही. पोस्टमन सहीला पेन मागायचा, त्याला त्या पेन्सिल द्यायच्या.

एकदा तुझ्या आजोबांनी घाईत त्यांचा एक टाक उचलून पार्सलावर पत्ता खरडला. वन्सं दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मग ते म्हणाले, "ताई, एवढंसं लोखंड. त्याचं एवढं काय?"

"माझ्या हाताच्या कलानं झिजलीय ती, इतक्या वर्षांत. तुझा हात तिला परका."

"पण एवढीशी तर आहे."

"तुझी जीभही एवढीशीच आहे. दुसऱ्याच्या तोंडात देतोस का बोलायला?"

तुझे आजोबा त्यानंतर त्या मेजाच्या वाटेलाही गेले नाहीत.

अशी वर्षं गेली. तुझा बाप झाला, शाळेत जायला लागला. आणि एका वर्षी प्रमाणपत्रं लिहिताना वन्संनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, मग नवा करून आणला. मग मेज खिडकीच्या आणखी जवळ सरकवलं. मग शाई बदलली. मग कागदवाल्याला बोल लावले. मी विचारलं, "वन्सं, बिघडलंय तरी काय?"

"बघ," म्हणाल्या. एक ओळ दाखवली. मला आधी कळेना. मग बोट लावून लावून बघितलं, तर सुरुवातीचं अक्षर जसं असायचं तसं, आणि पुढे पुढे जात ओळीच्या शेवटी अगदी बारकं. जसं कुणी बोलता बोलता हळूहळू आवाज खाली आणावा. त्यांच्या हाताला ते कळतच नव्हतं. हाताला वाटत होतं, आपण तेवढंच काढतोय.

डॉक्टरांकडे गेलो. मोठ्या इस्पितळातले, शांत गृहस्थ. त्यांनी वन्संना एकच वाक्य एकाखाली एक लिहायला सांगितलं आणि नुसते बघत बसले. लिहून झाल्यावर म्हणाले, "हात थोडा थरथरतो, ते मी बघितलं. पण खरी खूण ही. अक्षर आटतंय."

आटतंय. दूध आटतं तसं. मला तो शब्द आजही कानात ऐकू येतो.

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, ते काही माझ्या तोंडात बसलं नाही. म्हणाले, गोळ्यांनी आराम पडेल, पण जाणारा आजार नाही. हालचाल आखडत जाईल, सगळं लहान लहान होत जाईल. अक्षर, पाऊल, आवाज.

"माझं काम लिहिण्याचं आहे," वन्सं म्हणाल्या.

"ठाऊक आहे मला. माझ्या बायकोचं प्रमाणपत्र तुम्हीच लिहिलंय. भिंतीवर आहे आमच्या." डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला. "तसं अक्षर आता निघणार नाही, बाई. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

वन्संनी मान हलवली. परत येताना रस्ताभर एक शब्द नाही. मीही नाही. घराच्या पायरीवर म्हणाल्या, "बडबडे, तू पण गप्प बसलीस तर मला वाटेल मी मेलेच."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच नर्सेसच्या शाळेत गेल्या आणि तिथल्या मुख्य मेट्रनबाईंना सांगून आल्या, की प्रमाणपत्रांसाठी दुसरं माणूस बघा. मग घरी येऊन एकूण एक निब धुतली. धुतलेल्याच होत्या, तरी धुतल्या. टिपल्या, फडक्यात गुंडाळल्या, फडकं कपाटात. मेज रिकामं. त्या मेजाशी बसून राहायच्या, हात मांडीवर. तुझे आजोबा म्हणाले, "ताई, आता आराम कर की. इतकी वर्षं मान मोडलीस."

"आराम कसला? लिहिणं गेलं तर मी या घरात काय, एक जेवणारं तोंड."

तुझे आजोबा उठून बाहेर गेले. त्यांना रडू आलं की ते बाहेर जायचे.

आता पुढचं नीट लिही. निबा नुसत्या ठेवल्या तरी दमट हवेत गंज धरतात, म्हणून अधूनमधून बाहेर काढून पुसाव्या लागतात. त्या दिवशी वन्सं पुसायला बसल्या. लिहायचं नाही, नुसत्या पुसायच्या. पुसता पुसता एक भली रुंद निब हातात आली, अंगठ्याच्या नखाहून रुंद. ती त्या कधी वापरत नसत, कुणी दुकानाची पाटी सांगितली तरच. पुसली आणि सवयीनं शाईत बुडवून रद्दी कागदावर एक अक्षर काढलं. आजारी हातानं काढलं, म्हणजे बारकं. तर त्या अक्षराचं पोटच बुजलं. काळा ठिपका झाला नुसता. अक्षराच्या आत जी मोकळी जागा असते ना, तिला त्या पोट म्हणायच्या.

वन्सं त्या ठिपक्याकडे बघतच राहिल्या. मग मला म्हणाल्या, "ही मला लहान लिहू देत नाहीये."

"म्हणजे?"

"हिच्या रुंदीत बारकं अक्षर मावतच नाही, पोट बुजतं. अक्षर उघडं ठेवायचं तर मोठंच काढावं लागतं. हाताला कळलं नाही तरी डोळ्याला लगेच कळतं." आणि उभ्या राहिल्या. बसून एवढं मोठं अक्षर येत नाही ना, म्हणून उभ्या राहिल्या, आणि बोटांनी नाही, खांद्यापासून हात ओढत एक अख्खी ओळ लिहिली. हात थरथरत होता, मी बघत होते. पण कागदाला निब टेकली की थरथर कुठे जायची कुणास ठाऊक.

मी शिवणाचा दोरा घेतला. पहिल्या अक्षराची उंची मोजली, तोच दोरा शेवटच्या अक्षराला लावला. बरोबर बसला. तसूभर कमी नाही. मी दोरा तसाच धरून राहिले.

"काय गं?" त्यांनी विचारलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, ओळीकडे बघायचा त्यांना धीर होत नव्हता.

"नाही आटलं," मी म्हटलं.

तिथून ते सुरू झालं. आजार एक पाऊल पुढे यायचा, वन्सं निब एक बोट रुंद करायच्या. दुकानातल्या निबांची रुंदी संपली, मग त्यांनी घरीच करायला घेतल्या. बांबूची पट्टी तिरपी कापून. मग बिस्किटाच्या डब्याचा पत्रा दुमडून, कडा दगडावर पाणी घालून घासून घासून, बोट फिरवलं तर रेशमासारखी लागेपर्यंत. मग लाकडाची फळी, तिच्या टोकाला लोकरीचं जाड कापड ताणून बसवलेलं, शाई प्यायला. त्या कापडापायी तुझ्या आजोबांच्या कोटाची एक बाही गेली.

"ताई, दुसरी बाही ठेवणार आहेस ना?" ते म्हणाले.

"बघते. आजार किती वाढतो त्यावर आहे."

आणि अक्षरं अशी मोठी होत गेली. वीतभर झाली, मग हातभर. मी तुला सांगते, आधीची प्रमाणपत्रांची अक्षरं सुंदर होती. पण ही बघताना मी हातातलं काम खाली ठेवायची. एक जाड रेघ वरून खाली यायची, तर वाटायचं मोठ्या दाराचं एक पान कुणी हळूच लोटलं. नर्सेसच्या शाळेनं वर्गांच्या पाट्या त्यांच्याकडून करून घेतल्या. मुली येता-जाता त्या अक्षरांवरून बोट फिरवायच्या.

मग त्या शाळेत नवं सभागृह बांधलं. मेट्रनबाई घरी आल्या. गुटगुटीत बाई, बोलायला तिखट, मनानं साफ. म्हणाल्या, "मुली समारंभात शपथ घेतात ना, ती शपथ मला व्यासपीठामागच्या भिंतीवर हवी. अख्खी भिंत. कापडावर लिहून वर ताणायची. तुमच्याशिवाय मला कुणी सुचत नाही. पण बाई, स्पष्ट बोलू?"

"बोला."

"कापड एकच आहे, एकसंध, तेवढ्या पन्ह्याचं मागवून घेतलंय. समारंभ तोंडावर आलाय. डाग पडला की संपलं. तुम्हाला हल्ली चालताना अडखळताना बघते मी. जमणार नसेल तर आत्ता सांगा, मला राग नाही येणार."

 वन्संचा आवाज बारीक झाला होता, तरी नीट ऐकू आलं. "जमेल. नाही जमलं तर मीच ही सगळी लाकडं शेगडीत घालीन आणि पुन्हा कधी कुणाचं काम घेणार नाही."

मेट्रनबाई गेल्यावर मी म्हटलं, "वन्सं, असं कशाला बोललात?"

"कारण तसंच आहे."

मेट्रनबाई चालण्याचं म्हणाल्या ते खरं होतं. पाय मध्येच जमिनीला चिकटायचे. जास्त करून दारात. चालत चालत दारापर्यंत यायच्या आणि तिथंच उभ्या. पुढे जायचं मनात असायचं, पाऊल मात्र उचलायचं नाही, टाचा नुसत्या थरथरायच्या. मी हाताला धरून ओढलं तर तोल जायचा. मग आम्ही दोघी दारात उभ्या, आणि तुझा बाप मागून ओरडायचा, "आई, मला शाळेला उशीर होतोय, आत्याला आत घे नाहीतर बाहेर घे."

लिहायच्या दिवशी सभागृहाच्या दारात तेच झालं. मेट्रनबाई आत उभ्या, काही मुली उभ्या, आणि वन्सं उंबऱ्याशी खिळल्या.  मेट्रनबाईंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.  बऱ्याच वेळानं पाय सुटला आणि वन्सं आत आल्या, पण चेहरा उतरलेला.

कापड जमिनीवर अंथरलं होतं. पांढरं शुभ्र, सभागृहाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आदल्या दिवशी वन्संनी सांगितलं तशी मी आणि दोन मुलींनी त्याच्यावर आखणी केली होती, आणि रात्रीपुरतं मेट्रनबाईंनी ते घडी करून आत ठेवलं होतं. सुतार करतात तशी, दोरीला खडूची पूड लावायची, ताणायची, मधे उचलून सोडायची, रेघ उठते. आडव्या रेघा ओळींच्या. आणि उभ्या रेघा प्रत्येक अक्षराच्या जागेच्या, म्हणजे ओळीत अक्षरं दाटीवाटीनं बसू नयेत.

पेन त्या दिवशीचं मोठंच. फळी माझ्या चार बोटांएवढी रुंद, दांडी त्यांच्या कमरेच्या वर येईल एवढी. माझ्याकडे शाईची परात. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून मी परात उचलून धरायची, त्या पेन बुडवायच्या, परातीच्या काठावर जास्तीची शाई निपटायची, आणि मी बाजूला व्हायची. आम्ही दोघींनी पाय धुतले, पुसले, आणि कापडावर चढलो.

पहिलं अक्षर काढताना मी डोळे मिटले होते. उघडले तर अक्षर तयार. गुडघ्याएवढं उंच, ओलं, काळं, चकाकणारं. आणि वन्सं पुढच्या अक्षराच्या जागी पोचलेल्या.

मला तेव्हा चटकन कळलं नाही मी काय बघतेय. दुसरं अक्षर झालं, तिसरं झालं. त्या काढायच्या आणि बाजूला पाऊल टाकायच्या, काढायच्या आणि पाऊल टाकायच्या. दारात न उचलणारा पाय. लांब, मोकळी पावलं. अक्षर खांद्यानंही काढत नव्हत्या त्या, सगळं अंग वळत होतं, कमरेपासून. जाड रेघ खाली ओढताना श्वास सोडायच्या, तो ऐकू यायचा. मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या. मेट्रनबाईंचा हात तोंडावर. मी परात धरून मागं मागं, आणि मला वाटत होतं, ही आमची वन्सं नाहीच, ही कुणीतरी आहे जिला मी आजवर ओळखलंच नाही.

अर्धं झालं. वन्सं घामानं भिजल्या होत्या. सकाळी कापड बाहेर आणताना मधल्या घडीवर घासलं गेलं होतं आणि खालच्या एका ओळीतला खडू तेवढ्या पट्ट्यात पुसला गेला होता. उभ्या रेघा तिथं नव्हत्याच. वन्संनी परातीत पेन बुडवलं, वळल्या, आणि उभ्या राहिल्या. पाय हलेना.

टाचा थरथरायला लागल्या. पेनाच्या टोकाला शाई जमत होती, थेंब फुगत होता, खाली पांढरं कापड. वन्संनी काय करावं? टेकवलं तर डाग, धरून ठेवलं तर डाग. त्यांनी पेन उलटं केलं, निब वर. शाई दांडीवरून खाली त्यांच्या मनगटावर आली, कोपरापर्यंत ओघळली, बाही काळी झाली. कापडावर एक थेंब नाही. तशा त्या उभ्या, आणि माझ्याकडे बघितलं. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

मेट्रनबाई पुढे यायला लागल्या. मी म्हटलं, "थांबा, कापडावर येऊ नका." का म्हटलं ते मलाही सांगता येणार नाही. मी वन्संच्या पायांकडे बघत होते. मागच्या ओळीत जिथं जिथं पाऊल टाकलं होतं तिथं उभी रेघ होती. इथं रेघ नव्हती आणि पाय नव्हता.

मी परात मुलीच्या हातात दिली. खडू घेतला, गुडघ्यावर बसले आणि त्यांच्या पायाच्या बोटांशेजारी एक उभी रेघ ओढली.

वन्संनी रेघेकडे बघितलं. पाय उचलला आणि रेघ ओलांडली. असा, जसा आपण पाण्याची धार ओलांडतो.

मी पुढची ओढली. त्यांनी ती ओलांडली. मग मुलीनं परात धरली, वन्संनी पेन बुडवलं आणि लिहिलं. तो सगळा पट्टा आम्ही तसाच केला, मी गुडघ्यावर पुढे पुढे रेघा ओढत, त्या मागून लिहीत.  मी बडबडी, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

कापड वाळल्यावर माणसांनी ते दोरांनी वर ओढलं. खाली होतं तोवर ती नुसती काळी वळणं होती, आम्ही त्यांच्या मधून चालत होतो. वर गेलं आणि अख्खी भिंत बोलायला लागली. मुलींनी शपथ मोठ्यानं वाचली, सगळ्यांनी मिळून. त्या वाचत होत्या आणि मी एकेका अक्षरावर नजर नेत होते, कुठला आवाज कुठल्या अक्षरात आहे ते शोधत. हे लिहिताना वन्सं श्वास सोडत होत्या, इथं पाय अडकला होता. इथं मी रेघ ओढली होती. ती जागा कुणाला ओळखू आली नसती. मलाच ओळखू येत नव्हती. माझे डोळे भरून आले होते त्यामुळेही असेल.

मेट्रनबाई वन्संजवळ आल्या.  म्हणाल्या, "जेवणघराची भिंत पण रिकामी आहे. मला घाई नाही."

"मलाही नाही," वन्सं म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी कापड घडी न करता गुंडाळून आणा."

पुढे मी डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, हो, असं असतं, काहींना सपाट जमिनीवर पाऊल सुचत नाही, पण ओलांडायला काही दिसलं की पाय चालतो. त्यांनी शांतपणे सांगितलं. मला ते शांतपणे घेता आलं नाही, आजही येत नाही. वन्सं त्यानंतर बरीच वर्षं लिहीत होत्या. जेवणघराची भिंत झाली, शाळेच्या कुंपणाची झाली. शेवटी शेवटी तर अक्षरं माझ्या उंचीची होती.

पण मला तुला त्याच संध्याकाळचं सांगायचंय, शपथ लिहिली त्या दिवसाचं. आम्ही घरी आलो आणि वन्सं आमच्या दारात अडकल्या. भिंतभर लिहून आलेली बाई, आणि स्वतःच्या घरात शिरता येईना. मी त्यांना तिथंच कठड्याला टेकवून उभं केलं आणि पिशवीतला उरलेला खडू काढला. दारापासून सुरू केलं. एकेका पावलाच्या अंतरावर एक एक रेघ, ओटीतून, मधल्या खोलीतून, स्वयंपाकघराच्या दारातून, त्यांच्या मेजापर्यंत. माझ्याकडे दोरी नव्हती, हातानंच ओढल्या. तुझे आजोबा घरात बसले होते, त्यांनी पाय वर घेतले. "हे काय चाललंय? घर आहे का पाटी?"

"पाय वरच ठेवा," मी म्हटलं.

मेजाशी पोचले, कंबर धरून उभी राहिले आणि दाराकडे बघितलं. वन्सं रेघांकडे बघत होत्या. चष्मा खाली घेतला, पहिली रेघ बघितली, मग दुसरी, शेवटपर्यंत सगळ्या.

"आखणी वाकडी आहे," म्हणाल्या, आणि न थांबता चालत माझ्यापर्यंत आल्या.